गोपाळ गणेश आगरकर: बडोदेकर वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या मराठी घरांत टिळकांचे नाव सर्वांना ठाऊक असते, सयाजीरावांचे तर घरच्या माणसासारखे घेतले जाते. आगरकर मात्र शालेय पुस्तकातल्या एखाद्या उताऱ्यापलीकडे फारसे पोहोचलेले नाहीत. ज्यांची मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकली, त्या घरांत तेवढेही नाही. दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंतच्या वाचकांकडून आगरकरांविषयी जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही प्रश्नांना दोन ओळी पुरल्या, काहींना पुरल्या नाहीत.

आगरकर कोण होते, हे थोडक्यात सांगता येईल का?

गोपाळ गणेश आगरकर (१४ जुलै १८५६ ते १७ जून १८९५) हे ‘केसरी’चे पहिले संपादक, ‘सुधारक’ या साप्ताहिकाचे संस्थापक, डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे दुसरे प्राचार्य होते. त्यांना एकोणचाळीस वर्षांचेही आयुष्य लाभले नाही, आणि लेखनाचा काळ तर जेमतेम चौदा वर्षांचा. एवढ्या अवधीत त्यांनी मराठी वाचकापुढे एक प्रश्न असा काही रोखून धरला की त्याला वळसा घालणे पुढच्या कोणालाही सोपे गेले नाही. तो प्रश्न असा: एखादी रूढी योग्य की अयोग्य हे ठरवताना ग्रंथात काय लिहिले आहे हे पाहायचे, की त्या रूढीने माणसाचे बरे होते की वाईट हे पाहायचे?

त्यांचा बडोद्याशी काही संबंध होता का?

त्यांची कर्मभूमी पुणे. त्यांना ओढूनताणून बडोदेकर करण्याचे कारण नाही. तरीही हा प्रश्न गैरलागू नाही, कारण आगरकरांनी ज्या वादात सर्वांत अधिक शाई खर्च केली, त्याची सुरुवात बडोद्यात जन्मलेल्या एका माणसाने केली होती, आणि त्या वादात त्यांनी जी बाजू मांडली ती कायद्याच्या रूपाने मोठ्या प्रमाणावर अमलात आणून पाहणाऱ्या राज्यांत बडोदे संस्थान अग्रभागी होते. तो माणूस म्हणजे बेहरामजी मलबारी. त्यांच्याविषयी आणि संस्थानाच्या कायद्यांविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. आगरकर वाचण्याचे बडोदेकरांना खास असे कारण असेल तर ते हेच.

त्यांचे बालपण आणि शिक्षण कसे झाले?

जन्म कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी, अतिशय गरीब कुटुंबात. इंग्रजी शिक्षण पुढे चालू राहावे म्हणून त्यांनी कऱ्हाड, रत्नागिरी आणि अकोला अशी वणवण केली, मधल्या काळात कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे कामही केले. अकोल्याच्या शाळेत विष्णु मोरेश्वर महाजनी हे शिक्षक त्यांना लाभले आणि तेथूनच १८७५ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात बी.ए. आणि मग एम.ए. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी पुन्हा घालायचा, ही त्यांची विद्यार्थिदशेतली गोष्ट आजही सांगितली जाते.

त्यांच्या गरिबीच्या गोष्टी इतक्या सांगितल्या गेल्या आहेत की त्यांखाली विचार झाकले जातात. म्हणून येथे एकाच पत्राचा उल्लेख पुरे. मुलाने मोठ्या परीक्षा दिल्या, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल आणि आपले पांग फिटतील अशी आईची अपेक्षा असणार हे ओळखून त्यांनी तिला आधीच कळवून टाकले की पोटापुरत्या पैशावर संतोष मानून आपण उरलेला सगळा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहोत. त्या काळी एम.ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरी सहज मिळे, संस्थानांतही अशा माणसांना मागणी असे. बडोद्यातल्या अनेक मराठी घराण्यांचे मूळपुरुष अशाच नोकरीच्या निमित्ताने येथे आले, तेव्हा त्या निर्णयाची किंमत येथल्या वाचकाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

‘केसरी’ टिळकांनी काढला ना? मग आगरकर पहिले संपादक कसे?

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले, एम.ए.ची परीक्षा आटोपल्यावर आगरकर त्यांना येऊन मिळाले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १८८१ मध्ये, याच मंडळींनी इंग्रजीत ‘मराठा’ आणि मराठीत ‘केसरी’ अशी दोन पत्रे काढली. ‘मराठा’ टिळकांकडे होता आणि ‘केसरी’ आगरकरांकडे. १८८७ पर्यंत तो त्यांच्याकडेच राहिला. आपल्या मनात ‘केसरी’ आणि टिळक ही जोडी इतकी घट्ट बसली आहे की ही माहिती ऐकून पुष्कळांना धक्का बसतो.

डोंगरीच्या तुरुंगात ते का गेले?

कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असून त्यात दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, अशा आशयाचा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी छापला. ज्या पत्रांच्या आधारावर हे लिहिले गेले होते ती बनावट ठरली, बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची कैद झाली. प्रत्यक्षात एकशे एक दिवसांनी, २६ ऑक्टोबर १८८२ रोजी, त्यांची मुंबईच्या डोंगरी तुरुंगातून सुटका झाली.

या प्रकरणातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. खटल्याच्या काळात या दोघांसाठी जामीन राहिलेले गृहस्थ, रामशेठ उरवणे, हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक वर्तुळातले होते. पुण्याच्या ब्राह्मण पत्रकारांसाठी सत्यशोधकाने जामीन राहावे, ही घटना त्या काळाच्या ठोकळेबाज चित्रात बसत नाही, म्हणूनच ती लक्षात ठेवावी.

सुटकेनंतर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’ हे छोटे पुस्तक लिहिले. स्वतःच्या हालांकडे थट्टेने पाहण्याची त्यांची शैली आणि तुरुंगाच्या व्यवस्थेकडे पाहण्याची चिकित्सक नजर या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. मराठीतल्या तुरुंगवासाच्या आठवणींची परंपरा पुढे पुष्कळ वाढली. हे तिच्या आरंभीचे पुस्तक असून ते आजही कंटाळा न येता वाचून होते.

त्यांना इहवादी सुधारक म्हणतात ते कशामुळे? रानडे, भांडारकर हेही सुधारकच होते.

आगरकर समजून घ्यायचे तर येथे थोडे थांबावे लागते, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक सुधारकांची रीत अशी होती की विधवेच्या पुनर्विवाहाला शास्त्राधार दाखवायचा, बालविवाह प्राचीन काळी नव्हता हे वचनांनी सिद्ध करायचे, आणि अशा रीतीने सुधारणा म्हणजे मूळच्या शुद्ध धर्माकडे परत जाणे आहे असे लोकांना पटवायचे. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ होते. त्यांची ईश्वरनिष्ठा आणि त्यांची सुधारणा एकमेकींना धरून होत्या. या रीतीने पुष्कळ काम झाले, ते कमी लेखण्याचे कारण नाही.

आगरकरांनी ही रीत नाकारली. वचनांना वचनेच सापडतात, आज तुम्ही अनुकूल वचन शोधून काढाल तर उद्या प्रतिपक्ष प्रतिकूल वचन शोधून काढील आणि वाद पंडितांच्या हातात जाईल, हे त्यांनी ओळखले होते. शिवाय समजा शास्त्र एखाद्या क्रूर रूढीच्या बाजूने निःसंदिग्धपणे उभे असले, तर मग काय करायचे? विधवेचे केशवपन शास्त्रसंमत निघाले तर ते चालू ठेवायचे का? त्यांचे उत्तर असे होते की नियम माणसांनी माणसांच्या सोयीसाठी केलेले असतात, ते ज्या परिस्थितीत केले ती बदलली की ते बदलण्याचा अधिकार पुढच्या पिढीला असतो, आणि त्यांची परीक्षा याच जगातल्या सुखदुःखाच्या मापाने व्हावी. यालाच इहवाद म्हणतात. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. मात्र त्यांनी ते विचार सोवळ्याओवळ्याच्या, लग्नामुंजीच्या, तेराव्या दिवसाच्या जेवणावळीच्या प्रश्नांना लावले, आणि त्यामुळेच ते मराठी माणसाला झोंबले. मिलवर भाषण केल्याने कोणी चिडत नाही. शेजारच्या घरातल्या श्राद्धाविषयी बोलले की चिडतात.

सरकारने किंवा पंचांनी कोणाच्या श्रद्धेत ढवळाढवळ करावी असा याचा अर्थ नव्हता. व्यक्तीला विचाराचे आणि वर्तनाचे स्वातंत्र्य हवे, ते दुसऱ्याच्या हानीपाशी थांबावे, आणि समाजाचे नियम धर्मवचनावर न बसवता विवेकावर बसवावेत, अशी त्यांची मांडणी होती. धर्मनिरपेक्ष राज्यव्यवस्थेविषयी आज आपण जे बोलतो त्याचा बराचसा पाया यात सापडतो, जरी त्यांनी राज्याच्या रचनेविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिला नाही.

मग ते नास्तिक होते का? घरात देवपूजा नव्हती का?

ईश्वराच्या अस्तित्वाविषयी मानवी बुद्धीला निश्चित निर्णय देता येत नाही, अशी अज्ञेयवादी भूमिका त्यांची होती. ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात त्यांनी देवांच्या कल्पना माणसाच्या मनात कशा उगवल्या असाव्यात याचा विचार केला आहे, आणि तो करताना देव हा विषयच इतिहासाच्या नि मानसशास्त्राच्या टेबलावर ठेवला आहे. त्या काळच्या वाचकाला ‘देव नाही’ या घोषणेपेक्षा ही शांत चिकित्सा जास्त अस्वस्थ करणारी वाटली असावी.

पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांचा देवधर्म त्यांनी चालू ठेवला आणि आगरकरांनी त्यांच्यावर आपली मते लादली नाहीत. काही वाचक याला विसंगती म्हणतात. माझ्या मते, जो माणूस आयुष्यभर व्यक्तिस्वातंत्र्याविषयी लिहीत राहिला त्याने घरात नवरेपणाच्या जोरावर नास्तिक्य लादले असते, तर ती विसंगती ठरली असती.

टिळक आणि आगरकर यांचे भांडण नेमके कशावरून झाले?

दोघेही एकाच वर्षी जन्मले, आगरकर नऊ दिवसांनी मोठे. डेक्कन कॉलेजात मैत्री झाली, शाळा काढली, तुरुंगात एकत्र राहिले. मतभेद मुख्यतः दोन ठिकाणी झाले. एक, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा कारभार, आजीव सदस्यांचे वेतन, बाहेरची कामे घ्यावीत की नाहीत यांवरून. या वादांचा शेवट टिळकांनी १८९० मध्ये सोसायटी सोडण्यात झाला. दोन, ‘केसरी’ने सामाजिक प्रश्नांवर काय बोलावे यावरून. संपादक आगरकर, पण पत्र मंडळींचे, आणि बहुसंख्य सहकाऱ्यांना त्यांची मते मानवणारी नव्हती. १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी ‘सुधारक’ सुरू केला. त्याची मराठी बाजू ते सांभाळत, इंग्रजी बाजू आरंभीच्या काळात गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे होती.

‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ एवढ्या एका ओळीत हा वाद उरकण्याची आपली सवय आहे. ती अर्धवट आहे. आगरकर राजकीयदृष्ट्या मवाळ किंवा इंग्रजधार्जिणे होते असे त्या ओळीतून उगीच सूचित होते, पण इंग्रजी राज्यातल्या आर्थिक शोषणावर त्यांनी कडक लिहिले आहे. आणि टिळकांनाही बालविवाह आवडत होता अशातला भाग नाही. वयाची बंधने लोकांनी स्वतःहून पाळावीत असे प्रस्ताव त्यांनीही मांडले होते. खरा प्रश्न होता तो कायद्याचा.

संमतिवयाच्या कायद्याचा वाद काय होता, आणि मलबारी त्यात कुठे येतात?

बेहरामजी मलबारी हे १८५३ मध्ये बडोद्यात जन्मलेले पारशी कवी आणि पत्रकार. १८८४ मध्ये त्यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवर दोन टिपणे प्रसिद्ध केली आणि सरकारने या बाबतीत काही करावे अशी मागणी केली. हिंदूंच्या घरात पारशाने का लक्ष घालावे, हा आक्षेप लगेच निघाला. आगरकर मलबारींच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या दृष्टीने सांगणारा कोणत्या धर्माचा आहे यावर सांगण्याचा खरेखोटेपणा ठरत नव्हता.

पुढे १८९१ मध्ये संमतिवयाचे विधेयक आले. पत्नीशी समागमासाठी तिचे वय निदान दहा वर्षांचे असावे ही तोवरची मर्यादा वाढवून बारा करायची, एवढीच त्यातली तरतूद होती. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या दोन वर्षांवरून पुणे दुभंगले. परक्या सरकारला आमच्या धर्मात हात घालू देणार नाही, ही टिळकांची भूमिका. ज्या मुलीच्या देहावर अत्याचार होतो तिच्या संरक्षणासाठी केलेला कायदा हा धर्मावरचा हल्ला नव्हे, सतीबंदीही कायद्यानेच झाली होती, ही आगरकरांची. मार्च १८९१ मध्ये कायदा मंजूर झाला.

बडोदे संस्थानाने आगरकरांचे विचार अमलात आणले, असे म्हणता येईल का?

असे म्हणणे अतिशयोक्त होईल. आगरकर १८९५ मध्ये गेले आणि येथील महत्त्वाचे सामाजिक कायदे त्यानंतरचे आहेत. त्यांचे श्रेय महाराज सयाजीराव तिसरे आणि त्यांच्या अधिकाऱ्यांचे. मात्र पुण्यातल्या वादाचा एक भाग बडोद्यात आपोआप गळून पडला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. टिळकांच्या आक्षेपाचे बळ ‘परके सरकार’ या दोन शब्दांत होते. येथे सरकार परके नव्हते. राजा हिंदू, मराठा, स्वतः धर्मकृत्ये करणारा. तेव्हा आता विरोध करायचा तर तो सुधारणेलाच करावा लागणार होता, परकेपणाची ढाल उरली नव्हती.

संस्थानाने काय केले ते पाहू. अमरेली तालुक्यात १८९३ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू झाला. १९०४ मध्ये बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा आला. त्यात मुलीचे वय १२ आणि मुलाचे १६ असे किमान धरले होते. ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा यायला १९२९ उजाडले. १९३१ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा अधिकार देणारा कायदा झाला. स्वतंत्र भारतात तो सर्वत्र मिळाला १९५५ मध्ये.

आता दुसरी बाजू. बालविवाहाचा कायदा मोडणाऱ्यांना बहुधा किरकोळ दंड होई आणि पुष्कळ लोक तो लग्नखर्चातच धरून चालत, त्यामुळे कायदा आला म्हणून बालविवाह थांबले असे झाले नाही. कायदा हवा, पण शिक्षणाने मने बदलल्याशिवाय तो कागदावर राहील, हे आगरकरही सांगत होते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये, म्हणजे त्यांच्याच जन्मवर्षी, झाला होता आणि तरी त्यांच्या हयातीत असे विवाह बोटांवर मोजण्याइतकेच होत. सक्तीच्या शिक्षणातही मुलांना ७ ते १२ आणि मुलींना ७ ते १० अशी वेगळी वयोमर्यादा होती. ‘स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे’ असा निबंध लिहिणाऱ्या माणसाने त्या दोन वर्षांच्या तफावतीवर ‘सुधारक’चा एक अंक खर्ची घातला असता, असे मला वाटते.

१९१५ च्या पुरोहित कायद्याचे उदाहरण आणखी वेगळे आहे. पुरोहिताने परीक्षा द्यावी आणि यजमानाला विधीचा अर्थ समजावून सांगावा, असा त्याचा रोख होता. अर्थ न कळता मंत्र म्हणण्यावर आगरकरांनीही टीका केली आहे. पण राज्याने भटजींची परीक्षा घेणे म्हणजे धर्माला राज्याच्या कारभारात आणखी आत ओढणे नव्हे का, हा प्रश्न खऱ्या इहवाद्याला पडला पाहिजे. सुधारणावादी राज्य आणि धर्मनिरपेक्ष राज्य या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बडोदे संस्थान पहिल्या प्रकारचे होते.

स्त्रियांविषयी त्यांनी नेमके काय लिहिले?

बालविवाह, केशवपन, विधवांची स्थिती यांवर तर लिहिलेच, पण त्यांच्या काळातल्या इतरांहून ते पुढे गेले ते शिक्षणाच्या हेतूविषयी. चांगली गृहिणी आणि चांगली आई घडावी म्हणून मुलींना शिकवावे, एवढ्यावर त्या काळचे बहुतेक सुधारक समाधानी होते. आगरकरांनी स्त्रियांना चरितार्थ चालवता येईल असे शिक्षण द्यावे अशी मागणी केली, कारण पोटासाठी जी परावलंबी आहे तिला स्वातंत्र्य मिळणे शक्य नाही हे त्यांना दिसत होते. ‘स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत’ हा त्यांचा निबंध शीर्षकामुळे आज गमतीचा वाटतो. पोशाखसुद्धा परंपरेने न ठरवता सोय, हवामान आणि आरोग्य पाहून ठरवावा, हा त्यातला मुद्दा मात्र पूर्ण गंभीर आहे.

त्यांच्या प्राचार्यपदाच्या काळात, १८९३ मध्ये, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला. आणखी एक योगायोग बडोदेकरांना आवडेल: अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात भरले, आणि त्याच्या अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या.

जातिभेदाविषयी ते कमी बोलले, हा आक्षेप खरा आहे का?

जातिभेदाने समाजाचे नुकसान होते असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. तरीही त्यांच्या लेखनाचा मोठा भाग उच्चवर्णीय, विशेषतः ब्राह्मण घरांतल्या रूढींशी झगडण्यात गेला, हे मान्य करावे लागते. केशवपन हा शेतकऱ्याच्या किंवा अस्पृश्य मानलेल्या जातींच्या बायकांचा मुख्य प्रश्न नव्हता. त्याच पुण्यात, त्याच काळात महात्मा फुले (मृत्यू १८९०) जातिव्यवस्थेच्या मुळावर घाव घालत होते, आणि आगरकर वाचताना फुले शेजारी ठेवून वाचले नाहीत तर एकोणिसाव्या शतकाचे चित्र एकडोळी राहते. ज्या घराचा उंबरठा आपल्याला ठाऊक आहे तेथूनच झाडायला सुरुवात केली, असे आगरकरांच्या बाजूने म्हणता येईल. पण हे स्पष्टीकरण आहे, उत्तर नव्हे.

जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, हे खरे का?

होय. पुण्यातल्या सनातनी विरोधकांनी त्यांच्या प्रतिमेची प्रेतयात्रा काढली. प्रेतसंस्कारांवर ‘शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार’ असा निबंध लिहिणाऱ्या माणसाला विरोधकांनी नेमके हेच उत्तर शोधून काढावे, यात त्यांच्या नकळत विनोद झाला.

त्यांची इतर पुस्तके कोणती, आणि भाषा आज समजते का?

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर १८८३ चे. मराठी वाक्यरचनेवरचे ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ १८८८ चे. बाकीचे बहुतेक लेखन ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांतल्या निबंधांचे आहे. त्यांचे समग्र वाङ्मय पुढे तीन खंडांत संपादित झाले.

भाषा पहिल्या पानाला जड वाटते. वाक्ये लांब असतात, संस्कृत शब्द पुष्कळ, आणि एकाच वाक्यात तीनतीन प्रश्न उभे करण्याची लकब. परंतु ती मोठ्याने वाचली की तिच्यातला बोलण्याचा सूर ऐकू येतो, कारण ते निबंध समोरच्याशी वाद घालत लिहिलेले आहेत. चिपळूणकरांची भाषा जास्त डौलदार आहे, हे खरे. आगरकरांच्या भाषेत डौलापेक्षा निकड अधिक आहे, आणि रागावले की त्यांची वाक्ये लांबत जातात, पण त्यांतला युक्तिवाद सुटत नाही.

गणेशोत्सवातल्या व्याख्यानमालेत आगरकरांवर व्याख्यान ठेवले तर ते विसंगत होईल का?

हा प्रश्न दरवर्षी भाद्रपदाच्या आधी येतो. व्याख्यान जरूर ठेवावे. मात्र देवासमोर बोलायचे म्हणून ‘आगरकर मनातून आस्तिकच होते’ अशी सारवासारव करू नये, आणि मांडव घालणाऱ्या कार्यकर्त्यांना मूर्ख ठरवण्यासाठीही त्यांचा वापर करू नये. वक्त्याला वेळ कमी असेल तर संमतिवयाचा वाद आणि बडोद्याचा १९०४ चा कायदा एवढेच दोन विषय घ्यावेत. श्रोते आपल्या गावाची गोष्ट म्हणून ऐकतात.

त्यांचा मृत्यू कसा झाला?

दम्याचा विकार त्यांना दीर्घकाळ होता. प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये वारल्यावर फर्ग्युसनची जबाबदारी त्यांच्याकडे आली, ‘सुधारक’ चालूच होता, आणि प्रकृती खालावत गेली. १७ जून १८९५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’ आधी वाचावे, म्हणजे माणूस ओळखीचा होतो. त्यानंतर रूढीची गुलामगिरी हा विषय असलेला ‘गुलामांचे राष्ट्र’, मग स्त्रीशिक्षणावरचे निबंध, आणि ‘देवतोत्पत्ति’ त्यांच्यानंतर. ‘वाक्यमीमांसा’ व्याकरणाची आवड असेल तरच हातात घ्यावे. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी पुस्तकांचा जुना संग्रह आहे, शोधाला तेथून आरंभ करता येईल. ज्या मुलांना देवनागरी वाचता येते पण जुनी मराठी अडते, त्यांना निबंध हातात देऊन मोकळे होऊ नये. घरातल्या मोठ्या माणसाने एक पान मोठ्याने वाचावे, पुढचे मुलाने वाचावे, आणि अडलेला शब्द तेथेच गुजरातीत किंवा इंग्रजीत सांगून पुढे जावे. डोंगरीचे पुस्तक या रीतीने थोड्या बैठकांत पुरे होते.